सवाष्णीच्या ताटात

"कलाताई, ओळखलंत का मला?"

फाटकात उभ्या असलेल्या बाईंनी असं विचारलं तेव्हा लीला अंगणातल्या नळावर पाय धूत होती. मी ओसरीवर बसून केळीची पानं पुसत होतो. आत चंपामावशी पुरण वाटत होती, तिचा वरवंटा थांबला. तेवढ्यात माझ्या मनात आलं, लीलानं हो म्हणावं. असं का मनात आलं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता इतक्या वर्षांनीही कळत नाही.

"वळखलं की," लीला म्हणाली. "पुण्याच्या रक्तवाल्या डाक्टरीण न्हवं तुम्ही? पर मी कला न्हाई, लीला. कला गेली. वरीस होऊन गेलं."

बाईंचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला.

"मला कुणी कळवलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी दोघींना भेटायलाच आले होते. मला वाटलं, कलाताई बारीक झाल्या."

"कोण कळवणार?" मी म्हणालो. "आम्हालाच नीट कळलं नाही. सकाळी गिरणीतून दळण घेऊन आली, डबा खाली ठेवला, जरा बसते म्हणाली आणि बसली ती बसलीच. या, आत या. उन्हात उभ्या राहू नका."

कला माझी बायको. लीला तिची जुळी बहीण. कला थोडी आधी जन्मली म्हणून ती थोरली, आणि म्हणून लीला मला दाजी म्हणते. लग्न झालं त्या वर्षी मी दोन-तीनदा तरी लीलाला कला समजून हाक मारली होती, आणि लीलानं मजा बघायला म्हणून खुशाल ओ दिली होती. पुढं तशी चूक होईना. कला अंगानं भरली, गोरी दिसायला लागली. लीला उन्हानं काळवंडली आणि वाळून गेली. चेहरा मात्र तोच राहिला. कला बारीक झाली असती तर अशीच दिसली असती, म्हणून डॉक्टरीणबाई फसल्या त्यात त्यांची चूक नव्हती.

लीलाला कोरडवाहू घरात दिलं होतं. माझा साडू धोंडीराम माणूस वाईट नाही, पण सगळा माळ आणि घरात खाणारी तोंडं भरपूर. माझी नगरपालिकेत पाणी सोडायची नोकरी. पगार थोडा, पण दर महिन्याला हातात यायचा. माहेरी ह्या दोघी एका भाकरीत जेवायच्या. लग्नानंतर थोड्या दिवसांनी कला मला म्हणाली होती, "हितं ताटात उरतं, ह्याचंच मला नवल वाटतं." तेव्हापासून मला सवय लागली. पगाराला जिलेबी, बाजाराच्या दिवशी भजी, कुणाच्या घरी बारसं झालं तर तिच्या वाटणीचा पेढा आणि माझाही तिलाच. मला बायकोशी गोड बोलता येत नव्हतं. मी आणायचो आणि ती खायची.

म्हणून ती गेल्यापासून मला एकच गोष्ट कळत नव्हती. दोघी एका पोटातून एका वेळी आल्या. जिचे हाल झाले ती जिवंत आहे आणि जिला मी सुखात ठेवलं ती गेली, हे कसं? माझ्या घरात असं काय होतं? हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारणार तरी कुणाला?

डॉक्टरीणबाईंचं नाव रेवती केंकरे. पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेतल्या. पन्नाशी उलटलेल्या जुळ्या बहिणी शोधत त्या तालुक्याच्या गावांतून फिरल्या होत्या. कला असताना त्यांनी दोघींचं रक्त नेलं होतं. तेव्हा कला मला सांगत होती, "आमच्या दोघींच्या अंगात समदं एकच हाय म्हणं. मग दोघी सारख्या म्हाताऱ्या का हुईत न्हाईत, ते त्यांना बघायचंय." मी म्हणालो होतो, "त्यात बघायचं काय? ती उन्हात शेतात भांगलते, तू सावलीत बसतेस." कला हसली होती.

लीला पदराला पाय पुसत ओसरीवर आली.

"बसा वो बाई. आता जेवूनच जावा. आज माझा मान हाय."

"कसला मान?"

मी सांगितलं. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिच्या नावानं पितृपंधरवड्यातल्या नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलावतात. तिला पोटभर जेवू घालायचं, साडीचोळी द्यायची, ओटी भरायची. ती जेवून तृप्त झाली की गेलेलीला पोचलं. वर्षश्राद्ध उरकल्यानंतरची ही पहिली नवमी. मुलगा-सून हैदराबादला, त्यांना रजा नव्हती. शेजारची चंपामावशी म्हणाली, स्वयंपाकाचं मी बघते. सवाष्ण म्हणून मी लीलाला बोलावलं.

"आणि तिथंच चुकलं," आतून चंपामावशी म्हणाली. "मी ह्या सदाला सांगितलं हुतं, दुसरी कुणी बी बघ. जुळीनं जुळीच्या नावाचं जेवू नये. अर्धी तिकडं गेलीया, अर्धी हिकडं हाय. तिकडची हिकडचीला वढती."

"मावशे, तू पुरण वाट," मी म्हणालो.

"वाटतीया. मी आपलं कानावर घातलं."

"कवाधरनं घालतीयास. कान भरला माझा."

लीला हसून बोलली, पण तिचा चेहरा उतरला होता. सकाळी एसटीतून उतरल्यापासून मावशीनं हे तिला किती वेळा ऐकवलं होतं कोण जाणे. बाईंनी मांडीवरची पिशवी जरा बाजूला ठेवली.

"लीलाताई, तुमची हरकत नसेल तर मला पुन्हा एकदा तुमचं रक्त हवं होतं."

"आता कशाला? जोडीतली एक गेली."

"तरी उपयोग होईल."

"पैल्या येळंचं तपासून झालं न्हवं?"

"झालं."

"मग माझं काय आलं ते तुम्हास्नी ठावं हाय."

बाईंनी नुसती मान हलवली.

"तवा तुम्ही इचारलं हुतं, काय निघालं ते सांगू का म्हणून. कला म्हणाली सांगा. मी म्हणाले नगं. माझं अजून नगंच हाय." ती उठली. "एका साच्यातल्या दोघी. एक फुटली. दुसरी कवा फुटंल ते आधी कळून काय करू? दारात वाट बघत बसू?"

ती आत गेली. बाई तिच्या मागे बघत राहिल्या. मग मी हळूच विचारलं, "कला हो म्हणाली होती. तिचं मला सांगाल?"

"सांगता येईल," त्या म्हणाल्या. "पण इथं नको."

माळ गल्लीचं पाणी सोडायची वेळ झालीच होती. सुट्टी घेतली तरी आमच्या कामाला बदली माणूस मिळत नाही. मी लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकली आणि बाईंना म्हणालो, चला.

गल्लीच्या तोंडाशी चेंबर आहे. मी झाकण सरकवलं, चावी आत बसवली आणि फिरवली. पाइप आधी खाकरला, मग पाणी चालू झालं. पलीकडे एक पोरगी ओरडली, "आलं गं आई!" आणि घागरींचा खडखडाट सुरू झाला.

"काका, मी सोपं करून सांगायचा प्रयत्न करते," बाई म्हणाल्या. "आपल्या शरीरातल्या अगदी बारीक पेशीतसुद्धा सगळ्या शरीराची माहिती असते. त्याला जनुकं म्हणतात. दोघींची जनुकं एकच. पण सगळी जनुकं सारखी चालू नसतात. काही प्रथिनं असतात, ती जनुकांना जाऊन चिकटतात. कुठलं चालू करायचं, कुठलं बंद ठेवायचं, किती वेळ, ते ही प्रथिनं ठरवतात."

"म्हणजे टाकी एक, पाइप एक. आणि ही चावीवाली."

"हो, तसंच."

"मला पालिकेतून सांगतात, कुठल्या गल्लीला किती सोडायचं. ह्यांना कोण सांगतं?"

"एक कुणी नाही. खाणं, झोप, आजार, काळजी, कष्ट. काही तर आपोआपच होतं, त्याचं कारण आम्हालाही कळत नाही. पेशीत रोज मोडतोड होत असते. ती दुरुस्त करणारी जनुकं असतात. त्यांना चालू ठेवणारी जी प्रथिनं आहेत, त्यांच्यावर आमचं काम आहे. वय वाढतं तशी ती ढिली पडतात. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. मातीत एक अगदी बारीक किडा असतो. त्याच्यातलं असलं एक प्रथिन जास्त कामाला लावलं तर तो जवळजवळ दुप्पट जगतो."

"कसं लावता कामाला?"

"बऱ्याच रीती आहेत. त्याला खायला कमी दिलं तरी होतं."

माझा हात चावीवर थांबला.

"कमी खायला दिलं की जास्त जगतो?"

"किडा, काका. उंदरांतही थोडंफार दिसतं. माणसाचं इतकं सरळ नाही. उपासमार झालेली माणसं लवकर जातात, हे आपण बघतोच."

"कलाचं काय आलं?"

"रक्तातल्या पेशी बघून आम्ही शरीराचं वय काढतो. जन्मतारखेचं नाही, शरीराचं. तो अंदाज असतो. एका माणसाबद्दल त्यावरून ठाम काही म्हणू नये. एवढं धरून ऐका. कलाताईंचं वय जास्त आलं होतं."

"जास्त म्हणजे?"

"लीलाताईंपेक्षा बरंच." असं म्हणून त्यांनी लगेच कपाळाला हात लावला. "हे मी बोलायला नको होतं. एकीचं सांगितलं की दुसरीचं सांगून होतं. लीलाताईंना ऐकायचं नाही. तुम्ही त्यांना बोलू नका."

"नाही बोलत. पण कशानं आलं जास्त?"

"ते नाही सांगता येत."

"जिलेबीनं?"

"काका..."

"भज्यांनी?"

"एका गोष्टीवर बोट नाही ठेवता येत. त्यांना साखर होती, ते कारण असेल, नसेलही. त्या अशा अचानक कशानं गेल्या ते यावरून कळत नाही."

"मी तिला कधी उपाशी झोपू दिलं नाही, बाई."

"चांगलंच केलंत."

"मग?"

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "ओ सदातात्या! पाणी काय चमच्यानं देताय का?" मी खाली बघितलं. बोलता बोलता मी चावी उलटी फिरवत होतो आणि व्हॉल्व्ह जवळजवळ बंद झाला होता.

घरी आलो तेव्हा पाट मांडलेला होता. पाटाभोवती मावशीनं रांगोळी काढली होती. लीला नवी साडी नेसून आली. साडी मीच आणली होती, हिरवी, कलाला घ्यायचो तसल्याच रंगाची. दुकानात दुसरा रंग मला सुचलाच नव्हता. तिला त्या साडीत बघून मावशीनं तोंडाला पदर लावला. मी मान फिरवली. बाईंना शेजारी पान मांडलं होतं.

लीला पाटावर बसली, पण टेकून बसली नाही. उठून जायचं असल्यासारखी बसली.

आमच्यात त्या दिवशी पहिलं वाढणं नवऱ्यानं करायचं असतं. मावशीनं पुरणपोळ्यांची परात माझ्या हातात दिली. मी लीलाच्या पानासमोर वाकलो आणि तिथंच अडकलो.

तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. मला वाटत होतं, हिच्या आतली ती प्रथिनं अजून कामावर आहेत. आयुष्यभर हिला कमी मिळालं म्हणून ती हलली नाहीत. मी आता हिला गळ्यापर्यंत जेवू घातलं तर? एकदा माझ्या हातानं घालून झालंय. परत तेच करू? आणि नाही घातलं तर कलाला पोचणार कसं? मी एक पोळी उचलली, मोडली आणि अर्धी वाढली. खीर चमचाभर वाढली. तुपाची धार धरली आणि लगेच वाटी सरळ केली.

लीलानं पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दाजी, मला जेवायला बोलावलंय का उपासाला?"

"असू दे. हळूहळू वाढतो."

"अरं सदा, घाल की तूप," मावशी म्हणाली. "आजच्या दिशी हात आखडतोस व्हय? सवाष्ण अर्धपोटी उठली तर काय म्हणंल ती वरची?"

मी एक भजं वाढलं.

"बास," मी म्हणालो.

"बास मी म्हणायचं का तुम्ही?"

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "तसं नाहीये ते. वाढा तुम्ही."

लीलानं त्यांच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि पानाजवळचा हात मागं घेतला.

"काय सांगितलंसा ह्यांना?"

मी परात दुसऱ्या हातात घेतली.

"माझं कायतरी वंगाळ निघालंय. साखर हाय का? का काळजाचं हाय? तिकडं जाऊन आला आन् दाजींचा हात आखडला. न्हाईतर आजवर ह्या माणसानं मला पोटाला तड लागल्याबिगर उठू दिलं न्हाई." तिचा आवाज चढला. "मावशी म्हणती ते खरं हाय तर. वढायला लागली ती."

"लीला, तसं काही नाही."

"मग कसं हाय?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही. मी बोलणार नाही म्हणून शब्द दिला होता. पण बोललो नाही तर ही बाई मरणाची भीती घेऊन माझ्या दारातून उठणार. बोललो तर तिची भीती जाणार, पण माझ्या घराबद्दल जे मला वाटत होतं ते माझ्याच तोंडून सगळ्यांसमोर बाहेर पडणार.

"तुम्ही नको म्हणाला होतात, लीलाताई," बाई म्हणाल्या. "अजूनही नको असेल तर..."

"तवा नगं हुतं. आता तिच्या नावाचं ताट पुढ्यात घिऊन बसलेय. आता काय ऱ्हायलंय? सांगा दाजी."

"तुझं चांगलं आलंय," मी म्हणालो. "तुझं शरीर तरुण आहे. कलाचं म्हातारं झालं होतं. तुझ्यापेक्षा बरंच. तू दुष्काळात दिवस काढलेस म्हणून तुझ्या आतलं सगळं अजून चालू आहे. आणि मी तिला खायला घालून घालून तिचं बंद केलं."

"मी असं म्हटलेलं नाही!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"मला तसंच कळलं," मी म्हणालो.

लीला हलली नाही. मला वाटलं, आता ती सुटल्यासारखी श्वास सोडेल. चांगली बातमी होती. पण तिचा चेहरा बघून मला काहीच समजेना.

"मला तिचा राग यायचा, दाजी," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"कलाचा. तुमच्या घरी आले की तुम्ही सांजचं पुडा घिऊन यायचा. ती पैला तुकडा माझ्या हातावर ठिवायची, मग आपण खायची. आन् मी दुसऱ्या दिशी एसटीत बसले की रडायची. वाटायचं, एकच तर तोंड हुतं दोघींचं. बापानं मलाच तुमच्या म्होरं बसवली असती तर तुम्हास्नी काय कळलं असतं? माझ्या हातावर पुडा आला असता. पोरं झोपली की मी उरलंसुरलं पुसून खायची, तवा बी तीच डोळ्यांम्होरं यायची, तुमच्या ह्या ओसरीवर बसल्याली. आन् आता तुम्ही म्हणताय, त्यात माझाच फायदा झाला."

"तसं नाही..."

"तसंच म्हणालासा. जास्त जगंन म्हणं मी. कुणी मागितलं हुतं? तिच्याबिगर?"

मला विचारायचंच होतं, ते मी विचारून टाकलं.

"लीला, तू खरं सांग. मी केलं ते चुकलं का?"

"मला काय ठावं?"

"ती तुला सगळं सांगायची."

"समदं न्हाई सांगायची." ती विचार करून बोलत होती. "जिलेबी आणली की तिला लई आनंद व्हायचा, हे मला ठावं हाय. दुसऱ्या दिशी पाय सुजायचं, तुमच्यापास्नं लपवायची, हे बी ठावं हाय. मी म्हणायची, नगं म्हण की त्यास्नी. ती म्हणायची, नगं म्हणलं तर ते दुसरं काय आणतील?"

पाय सुजायचे ते मला माहीत नव्हतं. मी परात हातात धरून उभा होतो. मला बसावं की उभं राहावं ते सुचत नव्हतं. ती मला दोष देत होती की मोकळं करत होती, तेही कळेना.

मग लीला पाटावर नीट टेकून बसली. पान स्वतःकडे ओढलं.

"वाढा," ती म्हणाली.

"लीला..."

"आज मी माझ्या नावानं बसल्याली न्हाई. तिच्या नावानं बसलेय. तिला वाढायचा तसं वाढा."

मी बाईंकडे बघितलं. "वाढा, काका," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या शिकलेल्या बाई, पण त्यांनाही त्या वेळी दुसरं काही सांगता आलं नाही.

मी अख्खी पोळी वाढली. वर तूप सोडलं, बास म्हणेपर्यंत. ती बास म्हणालीच नाही. दुसरी वाढली. खीर वाढली, भजी वाढली, आमटीची वाटी भरली. लीला खाली मान घालून जेवत होती. तिला इतकं जेवायची सवय नव्हती. तिसऱ्या पोळीला तिच्या कपाळावर घाम आला, तरी ती थांबेना. मावशी म्हणाली, "अगं पुरे, जीव काढशील." लीला म्हणाली, "वाढा दाजी." मी वाढत होतो. कलाला जेवू घालतोय की लीलाचं काही बिघडवतोय, ते मला उमगत नव्हतं, पण हात थांबत नव्हता. आणि एवढं मात्र खरं, की कला गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाला तरी काहीतरी देता आलं.

शेवटी तिनं पानावर पाणी सोडलं. भिंतीला धरून उठली, हात धुतले, आणि बाईंसमोर येऊन डावी बाही वर केली.

"घ्या."

"काय?"

"रक्त घ्या. पोट भरल्यालं हाय आज. बघा काय फरक पडतोय."

बाईंना रडता रडता हसू आलं. "आज नाही घेता येणार, लीलाताई. ते उपाशीपोटी घ्यावं लागतं."

"आता गं बया," लीला म्हणाली, "म्हंजी तुमचं काम बी उपाशी माणसावरच चालतंय व्हय?"

ओटी मग चंपामावशीनंच भरली. भरताना तिनं लीलाच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. ओढाओढीचं काही बोलली नाही.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लीला अजून आहे. दर नवमीला येते. केस पांढरे झाले, पुढचे दात गेले, चालताना गुडघ्यावर हात ठेवते. पोळी आता दुधात कुस्करून द्यावी लागते. ती एसटी स्टँडाकडून येताना मी ओसरीवरून बघत असतो. कला म्हातारी झाली असती तर अशीच चालली असती, असं मनात येतं. मग आठवतं की बाईंच्या सांगण्याप्रमाणे दोघी आतून केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. म्हणजे कला अशी दिसली नसती, आणखी कशी तरी दिसली असती. मग मी हे कुणाला म्हातारं होताना बघतोय?

गेल्या नवमीला ती फाटकाशी येऊन थांबली.

"काय बघताय दाजी?"

"काही नाही."

"मग उठा की. बघत काय बसलाय? हात द्या, पायरी उंच हाय."

मी उठलो आणि हात दिला.